आठ हजार वेढे आणि दोन वायरी

"बेचाळीस नंबरची तार द्या," असं मी पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानात मागितलं, तेव्हा दुकानदारांनी काही न विचारता शंभर ग्रॅम तार तोलून दिली. घरी येऊन मी ती गिटारच्या पिकअपवर गुंडाळायला बसलो. तीन हजार वेढे झाले आणि साचा काठोकाठ भरला. मी जे वाचलं होतं, त्यात आठ हजार वेढे लिहिलेले. उरलेले पाच हजार कुठे मावणार?

दुकानदारांनी मागितलं तेच दिलं होतं. तारेच्या जाडीचे नंबर दोन पद्धतींचे आहेत, एक अमेरिकन आणि एक ब्रिटिश. गिटारचं सगळं शास्त्र अमेरिकेत लिहिलं गेलं, त्यामुळे तिथला ४२ नंबर म्हणजे ०.०६३ मिलिमीटरची तार, जवळपास डोक्याच्या केसाएवढी. आपल्याकडचा मोटर रिवाइंडिंगचा धंदा अजून ब्रिटिश नंबरांवर चालतो आणि त्यातला ४२ नंबर ०.१ मिलिमीटरचा निघतो. मला हवी होती ती तार आपल्याकडे ४६ नंबर म्हणून मिळते. तेव्हापासून मी नंबर सांगतच नाही; "पॉइंट झिरो सिक्सची, सुपर इनॅमल" असं मिलिमीटरमध्ये मागतो.

ही तार हातात धरली की धरल्यासारखी वाटत नाही. एका साध्या पिकअपला ती एक किलोमीटरहून थोडी जास्त लागते आणि त्या किलोमीटरचं वजन भरतं तीस-पस्तीस ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅममध्ये तीन पिकअप, एका गिटारपुरते. पिकअप घरी बनवणारे लोक या गुंडाळीबद्दल तासन्‌तास बोलतात. कोणी ताण किती ठेवतो, कोणी वेढे कसे विस्कटून घालतो. गुंडाळीची दोन टोकं बाहेर येऊन पुढे कुठून कशी जातात, हा विषय निघाला की मात्र मंडळी चहा मागवतात. माझा अनुभव असा की घरची गिटार घूं करते, खरखरते किंवा ऐन वेळी मुकी होते, ती दहातल्या आठ वेळा त्या शेवटच्या वीतभर वायरीमुळे. त्या वायरीपर्यंत पोचायचं तर आधी गुंडाळीतून जायला हवं.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याची गुंडाळी. वर पोलादी तार ताणलेली असते. चुंबकाच्या सान्निध्यात ती तारही किंचित चुंबक होते. ती छेडली की थरथरते, गुंडाळीतून जाणारं चुंबकीय क्षेत्र तिच्याबरोबर हलतं आणि गुंडाळीत वीज उमटते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेला नियम तो हाच. गिटारला नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअप ठार बहिरा. उमटणारी वीज असते व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पण तीच गुंडाळी एक उत्तम अँटेनाही असते. घरातल्या वायरिंगमधून सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी वीज तिला गिटारच्या तारेइतकीच गोड लागते. आपल्याला नको असलेली ही घूं आणि हवा असलेला सूर एकाच दाराने आत येतात. पुढची सगळी खटपट त्या दारावरच्या पहाऱ्याची.

लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाम्प आणि पॉल बार्थ यांनी १९३१ च्या सुमारास पहिला चालणारा पिकअप बनवला. गुंडाळीसाठी त्यांनी वापरलेली मोटर कोणी वॉशिंग मशीनची सांगतं, कोणी शिलाई मशीनची. एवढं नक्की की ती घरातलीच होती. त्यातून रिकनबॅकरची ती ॲल्युमिनियमची, गोल अंगाची आणि लांब मानेची गिटार झाली, जिला आकारामुळे 'फ्राइंग पॅन' हे नाव चिकटलं. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. म्हणजे हा धंदा सुरूच झाला तो हौशी माणसाच्या टेबलावर. पुढे तो कारखान्यात गेला आणि अलीकडे पुन्हा टेबलावर आला आहे.

कारखान्यातही हात सुटला नाही. लिओ फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर, म्हणजेच 'स्ट्रॅट', ही गिटार आली. तिच्या पिकअपची रचना इतकी साधी आहे की आजही हौशी माणूस तिथूनच सुरुवात करतो. व्हल्कनाइज्ड फायबरच्या दोन पट्ट्या, त्यांत ठोकलेल्या अल्निको धातूच्या सहा कांड्या, आणि त्या कांड्यांवरच थेट गुंडाळलेली तार. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांची लोखंडाबरोबरची मिश्रधातू. तिथे गुंडाळणी करणाऱ्या बायका तार बोटांच्या चिमटीतून सोडत. अबिगेल इबारा यांनी १९५६ मध्ये या कामाला सुरुवात केली आणि पुढे कित्येक दशकं केलं. शेवटी शेवटी त्यांनी स्वतः गुंडाळलेले पिकअप घ्यायला लोक वाट पाहत. एका हाताच्या चिमटीचा ताण आणि दुसऱ्या हाताचा एकसारखा नसतो, म्हणून जुन्या फेंडरचे दोन पिकअप हुबेहूब सारखे सापडत नाहीत. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या कारागिराला विचारा, तोही मापाचा आकडा सांगणार नाही. कान लावून सांगेल.

वेढे थोडे विस्कटून, एकमेकांवर तिरके पडतील असे घातले तर शेजारशेजारच्या तारांमधली कपॅसिटन्स कमी होते आणि वरच्या पट्टीतला उजळपणा थोडा जास्त टिकतो. भौतिकशास्त्र म्हणून हे बरोबर आहे. यावर जेवढी पुराणं रचली गेली तेवढा फरक मला मात्र कधी ऐकू आला नाही.

माझ्या टेबलावर शिलाई मशीनची मोटर आहे, पायाच्या पेडलसकट. रिवाइंडिंगच्या दुकानात पंख्यासाठी मिळणारं हाताचं गुंडाळणी यंत्रही चालतं, त्याला वेढे मोजायची तबकडी असते. माझा मोजणारा आहे जुना कॅल्क्युलेटर. त्याच्या 'बरोबर' या बटणाला दोन वायरी डाखून त्या एका रीड स्विचला जोडल्या. हा स्विच चुंबक जवळ आला की लागतो. फिरणाऱ्या चकतीवर छोटा चुंबक चिकटवला. एक अधिक एक दाबून सोडलं की प्रत्येक फेरीला आकडा एकाने वाढतो. आठ हजारांपर्यंत जायला मला तासभर लागतो आणि त्या तासात घरातल्या कोणी हाक मारलेली चालत नाही. तार तुटली तर गाठ मारून पुढे जाता येतं, पण त्या गाठीवर पुढचा थर उंचवट्यासारखा चढतो. चार हजारांच्या आत तुटली तर मी सरळ उलगडून पुन्हा सुरू करतो.

गुंडाळी संपली की पहिला कसोटीचा क्षण येतो. केसासारखी तार फायबरच्या पट्टीतल्या छोट्या पितळी नळीला, म्हणजे आयलेटला, जोडायची असते. नवशिक्यांचे निम्मे पिकअप इथेच मरतात. तारेवर इनॅमलचा थर असतो. पॉलियुरेथेनचा असेल तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने तो आपसूक जळून जातो. फॉर्मवारचा असेल, जो पन्नाशीच्या दशकातल्या फेंडरमध्ये असे, तर तो बारीक पॉलिश पेपरने खरवडावा लागतो. न खरवडता डाख दिला तरी वरून तो चकाकतो, सुरेख दिसतो आणि मल्टिमीटर मात्र अनंत रोध दाखवतो. मी तारेचे तीन-चार वेढे आयलेटला देतो, गुंडाळीपासून तिथपर्यंत थोडी ढील ठेवतो आणि मगच डाख देतो. ताणलेली तार थंडीत आकसून तुटते, आणि ती कधी तुटली हे कळत नाही.

मग मीटर. स्ट्रॅटसारखा पिकअप साडेपाच ते साडेसहा हजार ओहमच्या दरम्यान येतो. मे महिन्यात दुपारी मोजलात तर आकड्यावर फार विश्वास ठेवू नका. तांब्याचा रोध एका अंशाला जवळपास ०.४ टक्क्याने वाढतो, त्यामुळे २० अंशांना ६००० ओहम दाखवणारा पिकअप ३८ अंशांना ६४०० च्या आसपास दाखवतो. "माझा पिकअप जास्त हॉट आहे" असं म्हणणाऱ्याच्या खोलीतला पंखा चालू होता की बंद, हे आधी विचारावं.

यानंतर मेणात बुडवणं. पॅराफिनच्या चार भागांना मधमाशीच्या मेणाचा एक भाग, ६० ते ६५ अंश, आणि भांडं थेट गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात. पॅराफिन पेट घेतं, हे गंमतीवारी नेऊ नये. बुडबुडे यायचे थांबले की गुंडाळीतली पोकळी भरली. हे केलं नाही तर मोठ्या आवाजाला सुटे वेढे स्वतःच थरथरतात आणि गिटार शिट्टी मारते.

या शिट्टीचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण लंडनच्या एका घरातलं आहे. ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाने वडील हॅरल्ड यांच्याबरोबर ऑगस्ट १९६३ मध्ये गिटार बनवायला घेतली. मानेला जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचं लाकूड, किड्यांनी पाडलेल्या भोकांत काड्यापेटीच्या काड्या, ट्रेमोलोला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंग, फ्रेटबोर्डवरच्या ठिपक्यांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. पिकअपही त्याने घरीच केले. ते वाजत, पण चुंबकांच्या ध्रुवांची मांडणी अशी झाली होती की बोटाने तार ओढून वाकवली की घासल्यासारखा विचित्र आवाज येई. शेवटी त्याने बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक पिकअप विकत आणले, आणि तेही शिट्टी मारायला लागले तेव्हा त्यांत ॲरल्डाइट ओतलं. पुढे ही 'रेड स्पेशल' क्वीन या बँडबरोबर जगभर फिरली. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी, हे जाता जाता.

मला त्या गिटारमध्ये सगळ्यात जास्त शिकवतं ते स्विचांचं काम. मेने तिन्ही पिकअप एकापाठोपाठ एक, म्हणजे मालिकेत, जोडले आणि प्रत्येकाला दोन सरकते स्विच दिले. एक चालू-बंद करायला, एक त्याची दोन टोकं उलटी करायला. सहा स्विच, तीन पिकअप, सगळं एका पोकळीत. पिकअप विकतचे असले तरी गिटारचा आवाज त्याचा स्वतःचा झाला, तो या जोडणीमुळे.

टोकं उलटी करण्याचा हा भाग नीट समजून घ्यावा, कारण घरी बनवलेल्या पिकअपांत सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. पिकअपमधून येणाऱ्या सुराची दिशा दोन गोष्टी ठरवतात. चुंबकाचा उत्तर ध्रुव वर आहे की दक्षिण, आणि गुंडाळी घड्याळाच्या दिशेने घातली की उलटी. यातली एक गोष्ट बदलली की सूर उलटतो. दोन्ही बदलल्या की शाळेतल्यासारखं, उणे गुणिले उणे अधिक, सूर पुन्हा सुलटा. घरातल्या विजेच्या घूंला मात्र चुंबकाशी काही देणंघेणं नाही. तिला फक्त गुंडाळीची दिशा कळते. म्हणून स्ट्रॅटच्या मधल्या पिकअपचे ध्रुव आणि गुंडाळी, दोन्ही उलटी केली तर तो शेजाऱ्याबरोबर वाजताना सूर एकमेकांत मिळतात आणि घूं एकमेकांना खाऊन टाकतात.

हीच युक्ती गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने १९५५ मध्ये एकाच पिकअपमध्ये दोन गुंडाळ्या शेजारी ठेवून केली. त्याचं नाव हंबकर. स्ट्रॅटला मात्र १९७७ पर्यंत तीन खाचांचाच स्विच होता. दोन पिकअप एकत्र हवे असलेले वादक तो दोन खाचांच्या मधे अडकवून ठेवत.

तुमच्या तीन पिकअपांतला एक चुकून एकाच बाबतीत उलटा झाला असेल, तर दोन एकत्र वाजवताना आवाज पातळ, नाकातला येतो. गिटार बंद करून पुन्हा उघडण्यापेक्षा आधीच तपासलेलं बरं. मी काट्याचा जुना मल्टिमीटर याच कामासाठी ठेवला आहे. पिकअपची दोन टोकं मीटरला जोडायची, लोखंडी स्क्रूड्रायव्हर कांड्यांवर चटकन टेकवायचा आणि काटा कोणत्या बाजूला उडतो ते पाहायचं. उचलला की तो उलट्या बाजूला जातो. तिन्हींचा काटा एकाच बाजूला उडायला हवा. मधल्या पिकअपची दोन्ही अंगं उलटी असली तरी, उणे-उणेमुळे, तोही त्याच बाजूला उडतो. ज्या टोकावर मीटरची लाल वायर होती त्याला मी तिथल्या तिथे पांढरी वायर डाखतो, दुसऱ्याला काळी. गरम, म्हणजे सूर वाहून नेणारं, टोक पांढरं, अर्थ काळी, आयुष्यभर. गुंडाळीचं आतलं टोक अर्थला जोडावं, असं माझं मत आहे. ते चुंबकांना लागून असतं, तिथे इनॅमल घासलं गेलं तरी मग कांडीला बोट लागल्यावर घूं उठत नाही. बाहेरचा थर अर्थला ठेवून तोच संरक्षक कवच करावा, असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचंही चूक नाही. पण एका गिटारमध्ये दोन्ही मतं एकत्र नांदू देऊ नयेत.

विकतचा हंबकर लावणाऱ्यांसाठी एक इशारा. त्यातून चार रंगीत वायरी आणि एक उघडी निघते, आणि रंगांचं कोष्टक प्रत्येक कंपनीचं वेगळं. सेमूर डंकनची काळी वायर गरम असते आणि हिरवी अर्थला जाते. डिमार्झिओची लाल गरम आणि काळी-पांढरी एकमेकींना जोडायची. आपल्या घरच्या वायरिंगमधली काळी म्हणजे न्यूट्रल ही सवय इथे दगा देते. हिरवी अर्थ, एवढीच सवय दोन्हींकडे उपयोगी पडते.

आता त्या वीतभर वायरी. पांढरी आणि काळी सुट्या सोडल्या तर त्यांच्यामध्ये एक पसरट फास तयार होतो, आणि फास म्हणजे एका वेढ्याची गुंडाळी, म्हणजे पुन्हा अँटेना. दोघींना एकमेकींभोवती पिळलं की प्रत्येक पिळात पकडलेली घूं पुढच्या पिळातल्या उलट्या घूंबरोबर मिटते. शेतातल्या मोटेच्या दोरासारखा घट्ट पीळ नको; सेंटिमीटरला एक पुरे. कापडी आवरणाची वायर मिळाली तर उत्तम, कारण तिचं आवरण बोटाने मागे सरकतं, तापलं तरी वितळत नाही. प्लॅस्टिकचं आवरण डाख देताना आकसतं आणि उघडं तांबं शेजारच्या कशाला तरी टेकतं.

लांबी पोकळीच्या कडेकडेने मोजावी, सरळ रेषेत मोजू नये, आणि त्यात दोन बोटं वाढवावी. दुरुस्तीला तेवढं पुरतं. वाढवलेल्या वायरीची वेटोळी करून कोपऱ्यात कोंबणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद आहे, पण झाकण बसवताना तीच वेटोळी स्विचच्या पात्यात जाते. वायर पिकअपमधून बाहेर पडते तिथे एक सुती दोऱ्याचा वेढा देऊन ती पट्टीला बांधून टाकावी. कोणी ओढली तर ओढ दोऱ्याला लागावी, आयलेटवरच्या केसाला नव्हे.

वायरी जातात पोटेन्शिओमीटरकडे, ज्याला सगळे 'पॉट' म्हणतात. एका गुंडाळीच्या पिकअपला अडीच लाख ओहम, हंबकरला पाच लाख. नुसता "पॉट द्या" म्हटलं तर मला तरी दर वेळी 'बी' छापाचा, म्हणजे सरळ चढणारा मिळाला. आवाजाच्या बटणाला हवा 'ए' छापाचा, कारण कान सरळ रेषेत ऐकत नाही. 'बी' लावला तर बटण बराच वेळ फिरवूनही काही होत नाही आणि शेवटच्या घासात आवाज एकदम पडतो.

अर्थच्या वायरी पॉटच्या पत्र्याच्या पाठीवर डाखायच्या असतात आणि इथे भलेभले रडकुंडीला येतात. डाख मण्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. माणूस चिडून मिनिटभर आयर्न टेकवून ठेवतो, आणि आतला कार्बनचा पट्टा भाजून निघतो. मला हे काम कळलं ते लहानपणी दारावर येणाऱ्या कल्हईवाल्यामुळे. तो आधी भांडं घासायचा, मग तापवायचा, मग नवसागराची चिमूट टाकायचा, आणि मगच कथलाची कांडी टेकवून बोळ्याने फिरवायचा. एका क्षणात पितळ चांदीसारखं. पॉटची पाठ पॉलिश पेपरने घासा, ६० वॅटचं आयर्न आणि रुंद टोक घ्या, राळ असलेला डाख आधी पाठीवर पसरू द्या. ही झाली कल्हई. वायरीच्या टोकालाही तशीच कल्हई द्या. मग दोन्ही टेकवून दोन सेकंद. थंड होईपर्यंत हलवायचं नाही आणि फुंकायचं नाही. झालेला सांधा भांड्याच्या पाठीसारखा पसरलेला आणि चमकता दिसला पाहिजे; राखाडी आणि फुगीर दिसला तर तो आज चालेल, गणपतीत दगा देईल.

टोनच्या बटणावरच्या कपॅसिटरबद्दल फार बोलत नाही. ०.०४७ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कोणताही साधा चालतो. त्याच्या उघड्या पायांवर स्लीव्ह चढवा, म्हणजे ते वाकून कशाला टेकणार नाहीत. जुन्या तेलकागदी कपॅसिटरवर गिटारच्या अर्ध्या किमतीएवढे पैसे घालणारे आहेत. किंमत आणि नाव झाकून ऐकवलं तर त्यांतले किती ओळखतील, हे मी पैज लावून पाहायला तयार आहे.

पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावून अर्थला जोडली की बाहेरची घूं बरीच अडते. पट्ट्या एकमेकींवर चढवा, दर सांध्यावर डाखाचा एक ठिपका द्या, कारण पट्टीच्या खालचा गोंद वीज नेईलच असं नाही. पण एकदा पोकळी तांब्याची झाली की आतलं प्रत्येक उघडं गरम टोक एका भिंतीपासून काही मिलिमीटरवर असतं. सोसायटीच्या स्नेहसंमेलनात माझी गिटार केबल खोचताक्षणी मुकी झाली. केबल अर्धी बाहेर काढली की वाजे, पूर्ण आत गेली की गप्प. घरी उघडलं तेव्हा दिसलं की प्लग आत जाताना जॅकची लवचीक जीभ मागे सरकून तांब्याच्या पट्टीला टेकत होती. एक इंच इन्सुलेशन टेप लावायची राहिली होती. त्या दिवशी दोन गाणी मी तोंडाने म्हटली.

अर्थच्या सगळ्या वायरी एकाच बिंदूला आणाव्यात, नाहीतर त्यांची वर्तुळं होतात आणि घूं वाढते, असं सर्वत्र सांगितलं जातं. अँप्लिफायरमध्ये हे खरं आहे. गिटारच्या तळहाताएवढ्या, तांब्याने मढवलेल्या पोकळीत अशा वर्तुळाने घूं वाढलेली मला कधी मोजता आली नाही. तरीही मी एकाच पॉटवर सगळ्या आणतो, कारण काही बिघडलं तर शोधायला एकच जागा उरते.

एक अर्थ मात्र विसरू नये: ब्रिजची, म्हणजे तारांची. तारांना हात लावला की घूं कमी होते ना, ती या वायरीमुळे. वादकाचं शरीर स्वतःच अँटेना असतं आणि हात टेकला की ते अर्थला जोडलं जातं. याचाच अर्थ असा की तुमचा हात अँपच्या पत्र्याला जोडलेला आहे. अँपची अर्थ-पिन मोडलेली असेल किंवा मांडवातल्या तात्पुरत्या वायरिंगमध्ये तिसरी पिन कुठेच जोडलेली नसेल, तर एका हातात तारा आणि ओठ माइकला, ही अवस्था जिवावर बेतू शकते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सी इथे रंगमंचावर अर्थ नसलेल्या माइकमुळे विजेच्या धक्क्याने गेला. घूं जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थ-पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. घूं घालवायची तर गिटार उघडा. प्लगला हात लावू नका.

झाकण बसवण्याआधी मी आतल्या भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवतो. तारीख, वेढे, ओहम आणि खोलीचं तापमान, वर कोणता ध्रुव, गुंडाळीची दिशा. पुढे कोणी उघडलं, बहुधा मीच, तर शोधाशोध नको. चिठ्ठ्यांवर सगळंच खरं असतं असं नाही. गिब्सनने हंबकरच्या पाठीवर आधी 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी लावली आणि १९५९ मध्ये पेटंट मिळाल्यानंतर काही वर्षांनी नंबर छापला २७३७८४२. तो नंबर हंबकरचा नाहीच, लेस पॉलने काढलेल्या तारा अडकवायच्या पट्टीचा आहे. चूक की नक्कल करणाऱ्यांना दिलेला चकवा, यावर अजून वाद होतात.

माझ्या पहिल्या पिकअपच्या चिठ्ठीवर 'वेढे ८०००' असं ठळक लिहिलं आहे आणि त्याखाली 'ओहम ४९००'. हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हे वर्षभराने माझ्या लक्षात आलं. रीड स्विचची पाती लागताना कधी कधी उसळायची आणि कॅल्क्युलेटर एका फेरीला दोन मोजायचा. खरे वेढे साडेसहा हजारांच्या आसपास असावेत. पिकअप अजून त्याच गिटारच्या मानेजवळ आहे, चिठ्ठीही तशीच आहे, आठ हजारांवर फक्त पेन्सिलने एक आडवी रेघ मारली आहे.